आधी काय झाले

४ नोव्हेंबर

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. पतसंस्थेने दिली होती, कोरीच राहिली. छापलेले वार जुळत नाहीत, ते खोडावे लागतील. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. त्यानंतर पेन धरले ते सहीपुरते. पण आज डॉक्टरीणबाईंनी सांगितले, रोज लिहा. सुगंधा, म्हणजे माझी बायको, चिडली, पळाली किंवा अंगावर आली, की तीन गोष्टी लिहायच्या. आधी काय झाले. तिने काय केले. नंतर काय झाले. "खरं लिहा काका, चांगलं दिसेल असं नको," असेही म्हणाल्या.

मी विचारले, याने ती बरी होईल का? त्या म्हणाल्या, विसर बरा होणारा नाही. पण हे ओरडणे, मारणे, घर सोडून जाणे, याला बऱ्याचदा कारण असते. तिला ते सांगता येत नाही, म्हणून आपण शोधायचे. लघवी, पोट, दात सगळे तपासले, त्यात काही निघाले नाही. शांत करायच्या गोळ्या असतात, पण या वयात त्या गोळ्यांनी माणसे पडतात, कधी त्याहून वाईट होते. आधी वही बघू. एक डिसेंबरला या.

मुलगा सुशांत म्हापशाहून रजा काढून आला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबा, वही लिवन काय होतला? कोल्हापुराक एक संस्था आसा, थंय अशा माणसांक सांभाळतत. मी खाट सांगान ठेवलंय. एक तारखेपर्यंत बघया, नायतर आयेक थंय ठेवया."

सत्तावीस दिवस आहेत. घरी येईपर्यंत तीन वेळा मोजले.

६ नोव्हेंबर

आधी: काही नाही. मी फक्त तिला विचारले, मी कोण?

तिने: चहाची कपबशी फेकली.

नंतर: मी तुकडे वेचले. तिला नीट ऐकू आले नसेल म्हणून परत विचारले. तेव्हा तिने अशी शिवी दिली की इथे लिहिता येत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात "मेल्या"पलीकडे शब्द तिच्या तोंडी आला नव्हता. खिडकी उघडी होती. शेजारीण पिएदादने ऐकलेच असणार.

७ नोव्हेंबर

आधी: काही नाही. मी फक्त आंघोळीसाठी तिचे पातळ सोडायला घेतले.

तिने: मनगटाला चावली. "सोड माका! आवशीक हाक मारतंय!" असे ओरडत न्हाणीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिची आई जाऊन चाळीस वर्षे झाली.

नंतर: आंघोळ राहिली. मनगटाला हळद लावली. दात अजून घट्ट आहेत तिचे, माझे दोनच उरलेत.

९ नोव्हेंबर

चार वाजताचे लिहायचे टाळत होतो. पण खरे लिहा म्हणाल्या आहेत.

दुपारी तीनपर्यंत ती बरी असते. तांदळातले खडे काढते, नसले तरी काढते. साडेतीनला उठते. दारापर्यंत जाते, परत येते. पदर खोचते, रिकामी टोपली काखेत घेते, "माका घराक जावचा आसा" म्हणते. मी म्हणतो, ह्याच तुझा घर. तिला पटत नाही. मी मुलाचा फोटो दाखवतो, लग्नाचा फोटो दाखवतो. ती फोटो उलटा ठेवते.

चारला ती खाडीवरच्या धक्क्याकडे निघते. घरापासून साठ पावलांवर आहे. तिथल्या वरच्या पायरीवर उभी राहून ओरडते, "बाबल्याऽऽ! हाड रे तर!" म्हणजे होडी घेऊन ये.

बाबल म्हणजे मी. या खाडीवर अलतडची, म्हणजे या काठची, माणसे पलतडी आणि पलतडची अलतडी नेण्याचे काम, त्यालाच तर म्हणतात, माझ्या आजापासून आमच्याकडे. मी स्वतः एकतीस वर्षे तारी होतो, तर चालवली. पूल झाला तशी तर बंद पडली, होडी किनाऱ्यावर कुजली. वल्हे तेवढे पडवीच्या आढ्याला टांगलेले आहे.

बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही. सुगंधाने कधी घेतले नाही. लग्नात सगळ्यांनी आग्रह केला तेव्हाही ओठ हलवून गिळून टाकले होते. आणि आता भर वाडीत बाबल्या, बाबल्या. पर्यटकांच्या होड्या जातात, ते मोबाईल काढतात. शिव्या देते तसेच हेही, लाज गेल्याचे लक्षण असणार. डॉक्टरीणबाईंना हे कसे दाखवू?

आधी: काही नाही. मी फक्त मागून तिचा दंड धरला आणि म्हटले, "अगो, मी हय आसंय. तुझ्या मागे."

तिने: वळून माझ्याकडे बघितले आणि आणखी मोठ्याने हाक मारली.

१२ नोव्हेंबर

अक्षर बरे येणार नाही.

आज मी पेज गाळत होतो, दोन मिनिटे. ती गेलेली कळले नाही. धक्क्यावर धावलो तर कमरेपर्यंत पाण्यात. भरतीचे पाणी होते. टोपली तरंगत पुढे गेलेली. पिएदाद आधीच पाण्यात उतरून तिला धरून उभी होती. तिचे वय एकाहत्तर, गुडघे गेलेले.

"बाबल, बघतंस काय? हात दी!" ती ओरडली. नंतर वर आल्यावर दम खात म्हणाली, "सायबा! नाताळाक अजून दीड म्हयनो आसा, माझी आंघोळ आजच झाली." सुगंधा हसली. पिएदादकडे बघून हसली. माझ्याकडे बघून हसून किती दिवस झाले, आठवत नाही.

पिएदादने तिला आपल्या घरी नेले, कोरडे नेसवले, केस पुसले. सुगंधाने तिला काही केले नाही, चावलीही नाही. मी दारात उभा होतो. मला आत घेतले नाही.

१३ नोव्हेंबर

सुशांतला मी सांगितले नव्हते. कोणीतरी सांगितले. फोनवर म्हणाला, "बाबा, आयेचा काय झाला म्हणजे? तुमका सत्त्याहत्तरावा लागला, काळजात स्प्रिंग घातलेली आसा. तुमी पाण्यात उतरतलात?" मी म्हटले, मी तारी आहे. तो म्हणाला, "तारी होतात तुमी."

बरोबरच आहे त्याचे. मग राग कोणाचा आला मला?

१५ नोव्हेंबर

आधी: काही नाही. मी फक्त साडेतीनला बाहेरून कडी घातली.

तिने: दार वाजवले, डोके आपटले. मी उघडून आत गेलो तर लोखंडी पळी माझ्या खांद्यावर बसली. "तुझा वाटोळा होवदे! माजी तर जातली!"

नंतर: मी तिला मारले. गालावर.

ती एकदम थांबली. गालाला हात लावून म्हणाली, "मी जातंय ना रे, मगे कित्याक मारतंस?"

हे पान मी फाडीन.

१८ नोव्हेंबर

तीन दिवस लिहिले नाही. कडी घातली नाही. चारला मी तिच्या मागे मागे जातो, ती ओरडते, काळोख पडेपर्यंत ओरडते, मग आवाज बसतो आणि ओढत आणावी लागते. जेवत नाही. मीही जेवत नाही.

आज पिएदाद धक्क्यावर आली, पायरीवर बसली, मला म्हणाली, "बाबल, तू सकाळपासून तिका किती येळा इचारलंस, मी कोण म्हणान?"

"चार-पाच. आठवण रवाक होयी."

"मास्तर आसस काय तू? माका कोणी रोज पाच येळा परीक्षेक बसवल्यान तर मी कपबशी नाय, पाटो फेकीन."

तिला तोंड फार.

मग तिने विचारले, "लग्नाआधी ही पलतडसून भाजी इकूक येय, तेव्हा परत जाताना तुका काय म्हणान हाक मारी?"

मी म्हटले, बाबल्या. सगळेच तसे म्हणत. तेव्हा ती माझी बायको कुठे होती.

"मगे?" पिएदाद म्हणाली. "किती वाजता परत जाय?"

चारला. बाजार उठला की.

"मी बाजूक असायचंय. तू मधी पाण्यात असस. वल्ला उभा करून वर धरीस आणि म्हणस, रव गो, इलंय. तुझो जबाब येयसर ती पायरी उतरायची नाय. आवशीन तिका तसा सांगान ठेवलेला."

सुगंधा वरच्या पायरीवर उभी होती, हात कपाळावर धरून पाण्याकडे बघत.

"हाक मारता तुकाच, माझ्या राजा," पिएदाद म्हणाली. "आणि तू मागे उभो रवान तिचो दंड ओढतंस."

थांब, आलो, असा जबाब देण्याची रीत आमच्याच घरची. पूर्वी माणसे पाण्यात उतरून होडीला लोंबकळत, म्हणून आजाने नियम केला होता, जबाब मिळाल्याशिवाय पायरी उतरायची नाही. एकतीस वर्षे मी तो पाळला. आणि त्या दिवशी ती पाण्यात उतरली. किती दिवस जबाब मिळाला नसेल म्हणून.

२० नोव्हेंबर

आज मी खालच्या पायरीवर उभा राहून म्हटले, "रव गो, इलंय." तिने माझ्याकडे बघितलेही नाही. जमिनीवरच्या माणसाचा जबाब चालत नाही.

पिएदादचा मुलगा सॅविओ देवबागला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. त्याच्याकडे होडी आहे. पण त्याला काय सांगू? म्हातारा नाटक करणार आहे? आणि तिला खोटे सांगून होडीत बसवणे हे बरे की वाईट? पडली तर? मी पडलो तर? सुशांत म्हणेल, दोघांनाही संस्थेत ठेवतो.

झोप नाही.

२२ नोव्हेंबर

पिएदादने परस्पर सांगितले. सॅविओ आला आणि म्हणाला, "काका, इंजिन नको. घरची ल्हान होडी आसा, मी वल्ह्यान मारतंय. तुमी फक्त उभे रवा." चाळिशीचा गडी आहे, माझ्या मांडीवर खेळलेला. मी म्हटले, आज नको, ओहोटी आहे, चिखल लागेल. मंगळवारी पंचमी, तेव्हा चारच्या सुमारास भरती पुरी होते. तो हसला. "अजून तिथीवर चलतास? माझ्या मोबाईलात भरती आसा." बघितली. मोबाईलमध्येही मंगळवारीच निघाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज सगळे क्रमाने लिहितो.

आढ्यावरचे वल्हे सॅविओने काढले. उंदरांनी मूठ कुरतडली होती, बाकी शाबूत. साडेतीनला मी आणि तो होडीत बसून वळणाआड गेलो. त्याने मला केशरी जाकीट घालायला लावले. सुगंधाजवळ पिएदाद थांबली, तिला सांगितले होते, दंड धरू नको, शेजारी उभी राहा. सॅविओला म्हटले, मला काही झाले तर आधी तिला घरी पोचव. तो म्हणाला, "काका, गप रवा, होडी हलता."

चार वाजले. हाक आली.

"बाबल्याऽऽ! हाड रे तर!"

पाण्यावरून ती हाक वेगळी ऐकू येते. मागे उभे राहून ऐकली तेव्हा ती ओरडते आहे असे वाटायचे. तसे नव्हते ते. लांबच्या माणसाला बोलवायचे तर जेवढा आवाज लागतो, तेवढाच होता.

सॅविओने होडी वळणाबाहेर काढली. मी उठलो. वल्हे उभे करून वर धरले आणि ओरडलो, "रव गोऽऽ, इलंय!"

ती गप्प झाली. तिने पदर नीट केला. पिएदादने दिलेली टोपली या काखेतून त्या काखेत घेतली. आणि होडी धक्क्याला लागेपर्यंत तशीच उभी राहिली. मग एक एक पायरी उतरली, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवून आत पाऊल टाकले आणि मधल्या फळीवर बसली. अंगाला हात लावू देत नाही म्हणून मी वहीत किती वेळा लिहिले आहे. आज तिने स्वतः खांदा धरला. सॅविओने तिलाही जाकीट दिले. "ह्या काय रे? भोपळो?" म्हणाली, पण घातले.

"उशीर केलंस आज," ती मला म्हणाली.

"भरती व्हती."

"रोजच करतंस."

मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

मध्यावर आल्यावर तिने हात पाण्यात सोडला. किती दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसला. मला वाटले विचारावे, मी कोण? तोंडात आले होते. पण तारी असे विचारत नसतो. म्हणून म्हटले, "बाजार बरो झालो?"

"नाय रे. बाजारात खंय गेलंय मी? त्या घरात एक म्हातारो आसा, तो सोडीत नाय."

सॅविओने वल्हे मारायचे थांबवले. मी त्याला मार म्हणून खूण केली.

"कसो आसा म्हातारो?"

"बरो आसा." तिने टोपली मांडीवर घेतली. "पेज करून घालता. खारी करता, पण घालता. घाबारता खूप. दिवसभर माझ्या मागसून फिरता आणि इचारता, माका वळाखतंस? माका वळाखतंस? नाय म्हटलंय तर रडता. मगे मी काय करू?"

"काय करतंस?"

"कायतरी फेकतंय. मगे तो गप रवता."

मला पुढचे विचारायचे नव्हते. तरी विचारले. "मारता काय तुका?"

तिने पाण्यातला हात काढून पदराला पुसला. "एकदा मारल्यान. त्याचोच हात कापत होतो."

सकाळी काय खाल्ले ते तिला सांगता येत नाही. हे मात्र राहिले.

पलतडचा माड दिसायला लागला. तिच्या माहेरच्या घराचा आता चौथरासुद्धा नाही, तिथे रिसॉर्टचे कुंपण आहे. उतरली तर काय दाखवायचे, याचा मी विचारच केला नव्हता. तेवढ्यात तिने उन्हाकडे बघितले आणि म्हणाली, "बाबल्या, परत फिरव."

"कित्याक गो?"

"काळोख पडतलो. तो म्हातारो एकटो आसा. माझ्याशिवाय जेवचो नाय."

सॅविओने होडी वळवली. त्याने तोंड दुसरीकडे केले होते.

घरी आल्यावर ती जेवली. पेज कमी खारट केली होती.

२८ नोव्हेंबर

तीन दिवस तर चालू आहे. आंघोळ पिएदाद घालते. कपबशा शाबूत आहेत. मी विचारत नाही. काल एकदा तोंडातून गेले, "मी को—" आणि "कोथिंबीर" म्हणून सावरले. तिने खरेच आणून दिली.

पण पावसाळ्यात तर बंद असते. तेव्हा काय करायचे? आणि सॅविओ रोज किती दिवस येणार?

३० नोव्हेंबर

सुशांत आला. चारला धक्क्यावर थांबला. आम्ही परत आलो तेव्हा त्याने तिला हात दिला. ती त्याला म्हणाली, "बरो झिल आसा हो. कोणाचो रे?" तो म्हणाला, "तारयाचो." तिने त्याच्याकडे नीट बघितले आणि म्हणाली, "व्हय, नाकावरसून दिसता."

रात्री वही काढली. पंधरा तारखेचे पान धरले. फाडले तर कोणाला कळणार नाही. ठेवले तर डॉक्टरीणबाई वाचतील, सुशांत वाचेल आणि बापाने आईला मारले हे जन्मभर त्याच्याजवळ राहील. मग तो तिला माझ्याजवळ ठेवील कशाला? पण ते पान नसेल तर पंचवीस तारखेचे तिचे बोलणेही खोटे पडते. तिला आठवते आणि मला आठवत नाही, असे व्हायला नको.

पान आहे तसे ठेवले.

१ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी सगळे वाचले. पंधरा तारखेवर थांबल्या. सुशांतही वाकून वाचत होता.

त्यांनी मला विचारले, "काका, तुम्ही स्वतः कधी झोपता?" मला वाटले होते, रागावतील.

मग सुशांतला म्हणाल्या, गोळ्या आता नकोत. तिला सांभाळणारा माणूस दमलाय, आधी ते बघा. दिवसाला चार तास कोणीतरी बाई पाहिजे. संस्थेचा विचार कधी करावा लागेल, पण आज नाही. आणि मला म्हणाल्या, परत हात उचलावासा वाटला तर घराबाहेर जायचे, शेजारी सांगायचे. मी कबूल केले.

बाहेर आल्यावर सुशांतने कोल्हापूरला फोन लावला. "खाट दुसऱ्या कोणाला द्या," एवढेच म्हणाला. माझ्याकडे बघितले नाही त्याने. एसटी स्टँडवर आईला चहा पाजला आणि मला म्हणाला, "बाबा, वही चालू ठेवा."

४ डिसेंबर

ओहोटी होती, खालची पायरी उघडी. होडी थोडी लांबच ठेवली. चार वाजले. सव्वाचार झाले. हाक आली नाही.

सॅविओ म्हणाला, झोपली असेल. मी वल्हे धरून उभाच राहिलो. साडेचार. तिच्या हाकेला मी महिनाभर घाबरत होतो, आणि आज पाण्यावर उभा राहून ती यावी म्हणून कान देत होतो. मनात नको ते आले. सॅविओला म्हटले, मार, लवकर मार.

धक्क्यावर कोणी नव्हते. साठ पावले मी कशी चाललो, माहीत नाही.

पिएदाद पडवीच्या पायरीवर बसली होती. मला बघून हळू म्हणाली, "आज हलाकच तयार नाय. मी सांगलंय, तर येतली, चल. पण ती म्हणता, आज मी जावचंय नाय."

सुगंधा आत होती. चुलीजवळ पाट मांडला होता. पुढे ताट, त्यावर दुसरे ताट झाकलेले. तिने मान वर केली.

"खंय गेल्लंस? कधीपासून वाट बघतंय."

तिने मला कोण समजून विचारले, मला माहीत नाही. मी विचारले नाही. जाकीट काढून खुंटीला लावले आणि पाटावर बसलो. तिने झाकण काढले. ताटात निवडलेले तांदूळ होते, कच्चेच.

आधी: काही नाही. मी फक्त घरी आलो.